थिसिसमधले संदर्भ: आधी मूळ पेपर उघडा, मग क्रमांक टाका

ऊसतोड महिलांमधला ॲनिमिया हा विषय घेऊन अंबाजोगाईत, लातुरात किंवा नांदेडला कुणी थिसिस लिहायला बसलं, की पहिल्याच पानावर चार-पाच दावे येतात. देशात किती बायकांना ॲनिमिया आहे, हिमोग्लोबिन किती खाली गेलं की ॲनिमिया म्हणायचं, कुटुंबाचा आर्थिक स्तर कोणत्या मोजमापाने ठरवला. यातल्या प्रत्येक वाक्याला संदर्भ लागतो आणि तो विभागाच्या कपाटातल्या जुन्या थिसिसमधून उतरवून घेण्याचा मोह होतो. तो आवरा. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून कुणी जमीन घेत नाही; सातबारा काढतो, फेरफार बघतो, मगच इसार देतो. संदर्भाचंही तेच आहे. तुम्ही वाक्याला संदर्भाचा क्रमांक टाकता तेव्हा "हा पेपर मी उघडून वाचला आणि त्यात हेच लिहिलंय" अशी हमी देता. स्वल्पविराम चुकला तर दुरुस्त होतो. हमी खोटी निघाली तर अख्ख्या कामावरचा विश्वास जातो.

उतरवलेला संदर्भ कसा फसवतो ते हिमोग्लोबिनच्या मर्यादेवरून बघा. गर्भवतीसाठी ११ ग्रॅम प्रति डेसीलिटर ही मर्यादा वर्षानुवर्षं थिसिसमधून थिसिसमध्ये जात आलीये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली नवी मार्गदर्शिका काढली. तिच्यात पहिल्या आणि तिसऱ्या तिमाहीला ११ कायम आहे, पण दुसऱ्या तिमाहीला १०.५ धरलेत. म्हणजे पाचव्या महिन्यात १०.७ हिमोग्लोबिन असलेली बाई जुन्या मर्यादेने ॲनिमियाग्रस्त ठरते आणि नव्या मर्यादेने ठरत नाही. तुम्ही कोणती मर्यादा वापरली त्यावर निकालाचा आकडा बदलतो. म्हणून जी वापरली त्याच प्रकाशनाचा, त्याच वर्षाचा संदर्भ द्या.

आर्थिक स्तराचंही असंच. कुप्पुस्वामी मोजपट्टी शहरी कुटुंबांसाठी बनलेली आहे. फडावर राहणाऱ्या ऊसतोड कुटुंबाला ती लावून खाली संदर्भ दिला, तर संदर्भ बरोबर आणि वापर चूक. ग्रामीण भागासाठी बी. जी. प्रसाद वर्गीकरण चालतं, पण त्यातल्या उत्पन्नाच्या पायऱ्या महागाई निर्देशांकाप्रमाणे बदलत असतात. तिथे दोन संदर्भ लागतात: एक १९६१ च्या मूळ लेखाचा आणि दुसरा ज्या सुधारित तक्त्यातले रुपये तुम्ही वापरलेत त्याचा. नुसता मूळ लेख दिला तर परीक्षक विचारणारच, की १९६१ च्या रुपयांत तुम्ही आजची मजुरी कशी बसवली?

सरकारी आकडेवारीला तर हमखास चुकीचा संदर्भ दिला जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के महिलांमध्ये ॲनिमिया आढळला. हा आकडा शेकडो लेखांत सापडेल, पण संदर्भ मूळ अहवालाचाच हवा. तिथे लेखकाच्या जागी संस्थेचं नाव येतं: मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आणि आयसीएफ ही अमेरिकी सल्लागार संस्था. बीड किंवा परभणीचा आकडा हवा असेल तर जिल्ह्याची फॅक्टशीट वेगळी निघते, तिचा स्वतंत्र संदर्भ द्या. अहवाल उघडलाच आहे तर रक्त कसं घेतलं तेही वाचून घ्या. सर्वेक्षणात बोटातून थेंब घेऊन तपासणी झाली होती. तुमचा नमुना शिरेतला असेल तर तुलना करताना ते लिहावं लागेल.

मूळ न वाचता संदर्भ देत गेल्याने काय होतं, याचं सगळ्यात दुःखद उदाहरण अमेरिकेतलं आहे. जानेवारी १९८० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. रुग्णालयात भरती असताना अफूजन्य वेदनाशामक मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी, पूर्वी व्यसन नसलेल्या फक्त चौघांना नोंद घेण्याजोगं व्यसन लागलं, एवढंच त्यात होतं. घरी गेल्यावर महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल एक शब्दही नव्हता. २०१७ साली त्याच जर्नलमध्ये या पत्राचे संदर्भ मोजले गेले. ६०८ वेळा ते दिलं गेलं होतं. त्यातल्या जवळपास तीन चतुर्थांश ठिकाणी 'या औषधांचं व्यसन क्वचितच लागतं' याचा पुरावा म्हणून दिलं होतं आणि बहुतेकांनी हे रुग्ण भरती असलेले होते हे सांगितलंच नव्हतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तरी लोक पोहरा भरून नेत राहिले, आणि त्या औषधांच्या व्यसनाने तिकडे पुढे किती घरं उद्ध्वस्त केली ते जगाने पाहिलं.

म्हणून प्रत्येक संदर्भापाशी तीन गोष्टी बघा. दावा पेपरच्या निकालात आहे का? चर्चेच्या भागात लेखकाने दुसऱ्याचं मत मांडलेलं असतं. ते हवं असेल तर त्या दुसऱ्याचा पेपर शोधा. पेपरमधले रुग्ण तुमच्या वाक्यातल्या रुग्णांसारखे आहेत का? आणि तो पेपर मागे तर घेतलेला नाही ना? लस आणि स्वमग्नता यांचा संबंध जोडणारा 'लॅन्सेट'मधला १९९८ चा लेख २०१० मध्ये मागे घेतला गेला, तरी अजून त्याचा हवाला दिला जातो. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीत अशा लेखाच्या पानावर वरतीच ठळक सूचना असते आणि झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअरही लाल पट्टी दाखवतं. असा लेख इतिहास म्हणून द्यायचाच असेल तर तो मागे घेतल्याचं लिहूनच द्या.

पूर्ण पेपर मिळत नाही ही आपल्याकडची खरी अडचण आहे. आधी पबमेड सेंट्रलवर मोफत प्रत शोधा, मग कॉलेजच्या ग्रंथपालांना विचारा, तरी नाही मिळाली तर पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला दोन ओळींचा ईमेल टाका. पुष्कळ जण पाठवतात. नुसता सारांश वाचून पद्धतीबद्दल किंवा उपगटाबद्दल दावा करू नका. मूळ हाती लागतच नसेल तर जे वाचलं त्याचाच संदर्भ द्या आणि 'अमुक आढाव्यानुसार' असं वाक्यात स्पष्ट म्हणा.

आता मांडणी. वैद्यकीय लेखनात बहुतेक ठिकाणी व्हँकुव्हर पद्धत चालते. १९७८ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरला वैद्यकीय जर्नलांचे संपादक जमले होते, त्यावरून हे नाव पडलं. मजकुरात संदर्भ ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने १, २, ३ आकडे द्यायचे आणि तोच पेपर पुन्हा आला की जुनाच आकडा. सलग असतील तर ७-९, सुटे असतील तर ३,५. एखादा संदर्भ फक्त तक्त्यात येत असेल तर मजकुरात त्या तक्त्याचा पहिला उल्लेख जिथे आहे, तिथला क्रम त्याला मिळतो. हे फार जण विसरतात आणि शेवटच्या दिवशी सगळे आकडे सरकतात.

यादीतली एक ओळ जवळून बघू. प्रत्यक्षात ती रोमन लिपीत असते. इथे विरामचिन्हांवर लक्ष ठेवा:

वॉटसन जेडी, क्रिक एफएच. मॉलिक्युलर स्ट्रक्चर ऑफ न्यूक्लिइक ॲसिड्स. अ स्ट्रक्चर फॉर डीऑक्सिरायबोज न्यूक्लिइक ॲसिड. नेचर. १९५३ एप्रिल २५;१७१(४३५६):७३७-८.

आडनाव आधी, त्यानंतर स्वल्पविराम नाही. आद्याक्षरांमध्ये टिंब नाही, मोकळी जागाही नाही. शीर्षकात फक्त पहिलं अक्षर आणि विशेषनामं मोठ्या अक्षरात. तारखेनंतर अर्धविराम, लगेच खंड, कंसात जर्नलच्या अंकाचा क्रमांक, अपूर्णविराम (कोलन), पानं. मध्ये कुठेही जागा सोडायची नाही. ७३७-७३८ ऐवजी ७३७-८. लेखक सहापेक्षा जास्त असतील तर पहिले सहा आणि मग 'एट अल' (म्हणजे 'आणि इतर'). मात्र काही जर्नलं अमेरिकन मेडिकल असोसिएशनची पद्धत पाळतात. तिथे सहापेक्षा जास्त झाले की फक्त पहिले तीन आणि मग 'एट अल'. पाठवण्याआधी त्या जर्नलच्या सूचना वाचा.

जर्नलचं संक्षिप्त नाव मनाने बनवू नका. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये जे दिलंय तेच. एका शब्दाचं नाव, जसं 'लॅन्सेट', तोडायचं नसतं.

आपल्या नावांचा घोळ वेगळाच. स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव या क्रमामुळे डेटाबेसमध्ये कधी मधलं नावच आडनाव होऊन बसतं. पेपरच्या पीडीएफवरचं पहिलं पान उघडून आडनाव कोणतं ते पाहून घ्या.

हाताने आकडे देत बसण्यापेक्षा झोटेरो वापरा. ते मोफत आहे. जादूच्या कांडीच्या चिन्हावर टिचकी मारून डीओआय (प्रत्येक लेखाचा कायमचा डिजिटल ओळखक्रमांक) किंवा पबमेडचा क्रमांक टाका, नोंद आपोआप भरते. वर्डमध्ये झोटेरोच्या टॅबवरून 'ॲड/एडिट सायटेशन', आणि शेवटी एकदाच 'ॲड/एडिट बिब्लिओग्राफी'. मध्ये परिच्छेद घातला तरी आकडे स्वतःच सरकतात. पण नोंद भरली म्हणजे ती बरोबर असतेच असं नाही. शीर्षक सगळं मोठ्या अक्षरात येतं, अंक गळतो, संस्थेचं नाव व्यक्तीसारखं तुटून 'ऑर्गनायझेशन डब्ल्यूएच' होतं. संस्थेसाठी नोंदीत एकच रकाना असलेलं लेखकनाव निवडलं की ते सुटतं.

एआय चॅटबॉटने दिलेला संदर्भ तर तपासल्याशिवाय अजिबात घेऊ नका. लेखक खरे, जर्नल खरं, पण असा लेखच कधी छापलेला नाही, हे नेहमी घडतं. डीओआय टाकला की भलताच पेपर उघडतो किंवा काहीच उघडत नाही.

सादर करण्याआधी यादीची छापील प्रत काढा आणि मित्राला समोर बसवा. तुम्ही एकेक डीओआय उघडा. त्याने पहिल्या लेखकाचं आडनाव, वर्ष, खंड आणि पहिलं पान मोठ्याने वाचावं. जुळलं की टिक. मग मजकुरातल्या शेवटच्या आकड्यापर्यंत बोट ठेवून जा: एखादा आकडा वगळला तर गेला नाही, यादीत आहे पण मजकुरात नाही असा कुणी उरला तर नाही. हे सगळं झाल्यावर फाइलची दुसरी प्रत करा आणि झोटेरोशी जोड तोडून आकडे साधा मजकूर करणारं 'अनलिंक सायटेशन्स' फक्त त्या दुसऱ्या प्रतीवर चालवा. मूळ प्रतीवर चालवलंत तर परीक्षकाने एक संदर्भ वाढवायला सांगितला तरी पुढचे सगळे आकडे हाताने बदलावे लागतील.