ऊर्जा व्यवस्थापनात यायचंय? आधी पॅनेल रूम बघा

गोव्यातल्या फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली मुलं भेटली की विचारतात, "सर, एनर्जी सॉफ्टवेअरमध्ये यायचं तर पायथॉन शिकू की क्लाउड?" आज तंत्रज्ञान विभागाची जबाबदारी माझ्याकडे आहे, तरी उत्तर तेच देतो: दोन्ही नंतर शिकता येईल, आधी कारखान्यात काम करा.

माझी सुरुवात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत झाली. विजेच्या मीटरचे आकडे आरएस-४८५ प्रकारच्या तारेवरून मॉडबसने, म्हणजे यंत्रांच्या ठरलेल्या भाषेत, वाचायचे आणि संगणकावर आणायचे, एवढंच काम. पण खरी विद्या तिथेच आहे. पॅनेलमध्ये, म्हणजे विजेच्या वाटपाच्या कपाटात, सीटी (मोठा प्रवाह मीटरला झेपेल इतका लहान करून देणारा ट्रान्सफॉर्मर) २००/५ चा, म्हणजे २०० अँपिअरचे ५ करणारा, आणि मीटरमध्ये रेशो १००/५ भरलेला असला, तर वापर निम्माच दिसतो. आलेख कितीही देखणा असो, तो खोटा. ३२ बिटांचा आकडा मीटरच्या दोन रजिस्टरांत, म्हणजे मेमरीच्या दोन कप्प्यांत, येतो, आणि त्यातलं कुठलं आधी वाचायचं ते मीटरगणिक बदलतं. म्हणून स्क्रीनवरचा प्रत्येक आकडा मीटरच्या डिस्प्लेशी आणि मुख्य मीटरचा महिन्याच्या बिलाशी ताडून बघायचा. ही सवय मी अजून सोडलेली नाही, आणि माझ्या टीममध्ये येणाऱ्याला पहिली हीच लावतो.

गोव्यात हे शिकायला मिळालं, हे माझं भाग्य. इथली हवा दमट. औषध कारखान्यात हवेतली ओल काढायला ती गरजेपेक्षा जास्त थंड करतात, मग पुन्हा तापवतात. म्हणजे त्याच हवेवर ऊर्जेचा खर्च दोनदा. पंख्याचा वेग २० टक्के उतरवला तर वीज जवळपास निम्मी लागते, हे गणित कागदावर सोपं आहे. खोली रिकामी असताना तो उतरवायचा की नाही, हे मात्र क्वालिटीवाले ठरवतात. खोलीतली हवा बिघडेल ही त्यांची भीती, ती त्यांच्यासोबत बसून समजून घ्या.

वरच्या पदावर हिशेबाची भाषा लागते. पॉवर फॅक्टर म्हणजे घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणाऱ्या विजेचं प्रमाण, आणि केव्हीए म्हणजे घेतलेल्या एकूण भाराचं माप. ९०० किलोवॉटचा लोड ०.९ पॉवर फॅक्टरवर १००० केव्हीए होतो, ०.९८ वर साधारण ९१८. वीजबिलातला मागणी आकार (जास्तीत जास्त भारावर लागणारी रक्कम) केव्हीएवर असतो, त्यामुळे अकाउंट्सवाल्यांना हा फरक लगेच पटतो.

बीईईची, म्हणजे केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोची, परीक्षा जरूर द्या. एनर्जी मॅनेजरसाठी तीन पेपर, ऑडिटरसाठी चार. अनुभवाची अट असते, ती आधी तपासा. आयएसओ ५०००१ हे ऊर्जा व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय मानकसुद्धा वाचून ठेवा.

शेवटच्या वर्षाचा प्रकल्प कुंडई किंवा मडकईच्या एखाद्या कारखान्यात करता आला तर उत्तम. कॉलेजचं पत्र घेऊन मेंटेनन्सच्या प्रमुखांना भेटा आणि एअर कॉम्प्रेसरचा सुट्टीच्या दिवशीचा लोड मागा. उत्पादन बंद असताना तो जेवढी वीज खातो, ती बहुतेक दाबाच्या हवेच्या गळतीवर जाते, आणि साबणाचं पाणी लावून ती गळती शोधताही येते.