काजवे पाहायला भंडारदऱ्याला निघालात? या चुका टाळा

मे महिना सरता सरता सह्याद्रीत दोन-तीन वळीव पडतात, जमीन ओलावते, हवा दमट होते आणि भंडारदऱ्याच्या परिसरात काजवे येतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशी जुनी झाडं बुंध्यापासून शेंड्यापर्यंत लुकलुकू लागतात. एक झाड विझतं, तेवढ्यात शेजारचं पेटतं. हे सगळं जेमतेम तीन-चार आठवडे चालतं. मृगाचा पाऊस नेटाने लागला की संपतं. उन्हाळ्याच्या अखेरीस दोन दिवस हातात असतील तर महाराष्ट्रात याहून सुंदर सहल मला सुचत नाही. पण दरवर्षी तिथून निराश होऊन परतणारी माणसंही मी पाहतो. त्यातल्या बहुतेकांची सहल उजेडाने वाया गेलेली असते. हा उजेड कधी चंद्राचा असतो, कधी गाडीचा, तर कधी हातातल्या मोबाइलचा.

शनिवार बघून तारीख ठरवणं

तारीख ठरवताना सुट्टीच्या आधी दोन गोष्टी पाहा, पाऊस आणि चंद्र.

पावसाचं कुठल्याही ॲपवरून नीट कळत नाही. ज्यांच्याकडे मुक्काम करणार आहात त्यांना फोन करून विचारा, “वळीव पडून गेला का? झाडं भरली का?” वळीव व्हायच्या आधी गेलात तर चार-दोन काजवे दिसतील. धुवाधार पाऊस लागल्यावर गेलात तर तेही दिसणार नाहीत. रोहिणी नक्षत्राचे दिवस आणि मृगाची सुरुवात, म्हणजे साधारण २५ मे ते १५ जून, हा भरवशाचा काळ. पण पाऊस लवकर किंवा उशिरा आला तर तोही मागेपुढे होतो.

चंद्राचं गणित मात्र घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर असतं, आणि तेच बघायचं राहून जातं. वटपौर्णिमेच्या आसपासचे दिवस सरळ सोडून द्या. लख्ख चांदण्यात काजवे असले तरी फिके दिसतात. संकष्टीला चंद्र रात्री दहाच्या आसपास उगवतो. त्या काळात सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो आणि आठपर्यंत नीट काळोख होतो. म्हणजे संकष्टीलाच तुम्हाला दोन तास गडद अंधार मिळतो आणि पुढे रोज तो वाढत जातो. संकष्टीपासून अमावास्येनंतरच्या तृतीयेपर्यंतचे दिवस निवडा. त्यातही मंगळवार-बुधवार जमला तर सोनं. तसा जमत नसेल तर रविवारी दुपारी पोहोचून सोमवारी परता. त्या रात्री रस्ता बऱ्यापैकी मोकळा असतो.

गाडीतून काजवे शोधणं

भंडारदरा धरणाच्या जलाशयाभोवती शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, मुतखेल आणि परत शेंडी असा वेढा आहे. रस्ता अरुंद. शनिवारी रात्री या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते आणि प्रत्येक गाडीचे दिवे थेट झाडांवर पडतात.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्हीही हेच केलं. पाऊण तास गाडी हळूहळू चालवत, काचा खाली करून बघत होतो. काही म्हणजे काही दिसलं नाही. शेवटी एका घरापाशी थांबून ओट्यावर बसलेल्या मावशींना विचारलं, “मावशी, काजवे कुठे दिसतात?” त्या म्हणाल्या, “आधी ते दिवं बंद करा. मग बसा इथं.” आम्ही बसलो. दहा मिनिटांत अंगणासमोरचा सादडा दिसायला लागला. तो आधीपासूनच लुकलुकत होता, आमच्या डोळ्यांना दिसत नव्हता. त्या दिव्यांनी आम्ही त्या झाडाचं काय केलं असेल, हे तेव्हा कळलं नाही. आता कळतं, आणि त्याचं वाईट वाटतं.

काजवा हा भुंगेऱ्याच्या कुळातला कीटक. त्याच्या पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं. ल्युसिफरेज या विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने त्याचा प्राणवायूशी संयोग होतो आणि थंड प्रकाश पडतो. नर लुकलुकत उडतात, मादी झुडपातून किंवा गवतातून उत्तर देते, आणि त्या उत्तरावरून नराला ती सापडते. काजव्याचं बहुतेक आयुष्य अळीच्या रूपात जमिनीवर जातं, गोगलगायी आणि गांडुळं खाऊन. पंख फुटल्यावर हाती उरतात थोडे दिवस, आणि त्यात जोडीदार मिळाला नाही तर पुढची पिढी नाही. तुमच्या गाडीचे दिवे पडले की मादीचं ते बारीकसं उत्तर बुडून जातं.

म्हणून पाचच्या आत मुक्कामी पोहोचा, गाडी लावा आणि रात्री तिला हात लावू नका. कुलूप लावताना चारही इंडिकेटर चमकतात, तेही अंधार पडायच्या आत उरकून घ्या. गाडी भाताच्या खाचरात किंवा बांधावर चढवू नका. पेरणी तोंडावर आलेली असते आणि मोडलेला बांध त्या घरालाच पुन्हा घालावा लागतो.

बॅटरी, मोबाइल, फ्लॅश

अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. मोबाइलचा पडदा एकदा उघडला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, तुमचीही आणि शेजारी उभ्या असलेल्यांचीही. हात वर केला की उजळणारं घड्याळ खोलीवरच ठेवा. वाट दिसायला बॅटरी हवीच, विंचू-सापाचे दिवस आहेत. तिच्या काचेवर लाल जिलेटीन कागदाचे दोन-तीन थर रबराने बांधा आणि झोत पायांपुढेच ठेवा. झाडावर कधीही टाकू नका.

फोटोचं म्हणाल तर, सोन्याच्या ठिपक्यांनी भरलेलं जंगल तुम्ही जिथे पाहिलं असेल ते बहुधा ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवून, एकाच जागेवरून बराच वेळ शटर उघडं ठेवून घेतलेल्या कित्येक चौकटी एकत्र करून तयार केलेलं असतं. हातातल्या मोबाइलने ते येणार नाही, आणि फ्लॅश मारला तर काजवे सोडून झाडाची पानं तेवढी येतील. तसे ठिपके डोळ्यांनाही दिसत नाहीत, पण डोळ्यांना दिसते ती हालचाल. अख्ख्या झाडावरून सरकत जाणारी ती लाट कुठल्याच फोटोत पकडता येत नाही.

झाडाखाली शिरणं

काजवे डोक्यावर असले तरी माद्या आणि अळ्या पायाखाली असतात. म्हणून पायवाट सोडू नका आणि झाडापासून दहा-पंधरा पावलं लांबच उभे राहा. तिथून झाड पूर्ण दिसतं, जवळून दिसत नाही. मुलांना काजवा बाटलीत धरून देण्याचा मोह होतो. देऊ नका. तो तळहातावर आपणहून येऊन बसला तर बसू द्या आणि उडू द्या. डासांसाठी फवारे मारू नका, पूर्ण बाह्यांचे कपडे, मोजे आणि बूट घाला. हा परिसर १९८६ साली जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याला लागून आणि त्याच्या आतही आहे. प्रवेशाच्या वेळा आणि शुल्क वनविभाग ठरवतो, निघण्याआधी विचारून घ्या. रात्री गाणी लावायला तर हे ठिकाणच नाही.

दिवसाचा कार्यक्रम खच्चून भरणं

रात्री काजवे आणि दिवसा कळसूबाई, सांदण, रतनगड, रंधा असं सगळं दोन दिवसांत बसत नाही. रंधा धबधबा तर धरणातून पाणी सोडलेलं नसेल तेव्हा कोरडाच असतो. मोठं असं एकच ठिकाण निवडा.

कळसूबाई निवडलीत तर बारी गावातून पहाटे पाचला चढायला लागा आणि दुपारच्या आत खाली या. १६४६ मीटरचं, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर आहे ते. वळीव येतो दुपारनंतर, विजा घेऊन. त्या वेळी लोखंडी शिड्यांवर असणं किती धोक्याचं, हे वेगळं सांगायला नको. सांदण दरीबद्दल मी हट्टीच आहे. आभाळ भरून आलेलं असेल किंवा आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर साम्रदहून परत फिरा. ती एक अरुंद घळ आहे. वर कुठेतरी पडलेलं पाणी आत अचानक येतं आणि बाजूला व्हायला जागाच नसते. गावातला वाटाड्या नको म्हणाला तर नकोच. त्यापेक्षा रतनवाडीच्या अमृतेश्वराला जा. देवळावरचं कोरीव काम आणि शेजारची पुष्करणी सकाळच्या तिरप्या उन्हात पाहावीत.

त्याच रात्री परत निघणं

मुंबई-पुण्याहून चार-पाच तासांचा रस्ता आहे. काजवे पाहून अकराला निघालात तर पहाटे झोपेशी झगडत घाट उतरावा लागेल. गावातच राहा. जेवणाचं आदल्या दिवशी सांगून ठेवा. ऐनवेळी वीस पानं वाढायला ते काही हॉटेल नाही. नागलीची भाकरी आणि पिठलं मागा. गाडीची टाकी घोटीला किंवा अकोले गावात भरून घ्या आणि रोख पैसे जवळ ठेवा, रतनवाडी-साम्रदकडे रेंज जाते-येते.

आणि तरीही दिसले नाहीत तर

वारा सुटला असेल तर उघड्या माळावर उभं राहून उपयोग नाही. ओढ्याकाठी, डोंगराच्या कुशीत, वारा अडतो तिथे जा. चंद्र वर आला असेल तर ज्या उतारावर डोंगराची सावली पडली आहे तिकडची झाडं बघा. संध्याकाळीच पाऊस आला तर खोलीत जाऊन झोपू नका. काजवे पानांखाली बसून राहतात, आणि पाऊस उघडून हवा थांबली की पुन्हा निघतात. अंगणात खुर्ची टाका, घरच्यांना बाहेरचा दिवा मालवायला सांगा आणि तासभर थांबा.