वर्गात टॅबलेट आणताय? वाचन-लेखन शिकवताना या चुका टाळा

टॅबलेट हातात दिला की महिनाभरात मुलं वाचायला लागतील, अशी आशा बाळगणारे शिक्षक मला दर वर्षी भेटतात. हेतू चांगला असतो, साधनही चांगलं असतं. पण त्याच त्या चुका पुन्हा पाहिल्या की जीव तुटतो, कारण वर्ष मुलांचं वाया जातं.

आवाज चालू ठेवून वाचन घेणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. गोष्टीच्या ॲपमध्ये एकेक शब्द रंगत जातो, मागून गोड आवाज वाचत असतो, मूल रंगून बघत असतं. शिक्षकाला वाटतं, मूल वाचतंय. मूल ऐकत असतं.

दुसरीच्या एका वर्गात मला मुद्दाम बोलावलं होतं. सात मुलांनी स्क्रीनवरची कासवाची गोष्ट घडाघडा वाचून दाखवली. बाईंच्या चेहऱ्यावर समाधान होतं. मी सवयीप्रमाणे तीच गोष्ट कागदावर लिहिली आणि तीन शब्द बदलले. ‘कासव तळ्यात उतरलं’ होतं, तिथे ‘मळ्यात’ केलं. सातपैकी पाच मुलांनी ‘तळ्यात’च वाचलं. एकाने तर खिडकीबाहेर बघत अख्खं पान म्हणून दाखवलं. चार महिने रोज अर्धा तास ही मुलं त्या गोष्टीसमोर बसली होती आणि त्यांची गोष्ट पाठ झाली होती. बाईंना रडू आलं. त्यांची मेहनत खरी होती, फक्त आवाज बंद करून बघा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

माझी पद्धत साधी आहे. पहिल्यांदा गोष्ट आवाजासकट, तीही एकदाच, गोडी लागावी म्हणून. दुसऱ्या दिवशी आवाज बंद आणि बोट शब्दाखाली. तिसऱ्या दिवशी कागदावर, दोन-तीन शब्द बदलून. मूल अडलं तर मी आवाज पुन्हा लावत नाही, अक्षर विचारतो आणि थांबतो. हे थांबणं नव्या शिक्षकांना जमत नाही. दहा सेकंदांची शांतता त्यांना सोसत नाही आणि बोट लगेच स्पीकरच्या चिन्हाकडे जातं. त्या दहा सेकंदांतच तर मूल अक्षरं जुळवत असतं.

आवाज वाईट असतो, असं माझं म्हणणं नाही. पडद्यावर गाणं चालू असताना त्याच भाषेत खाली ओळी दाखवायच्या, ही शिक्षण-संशोधक ब्रिज कोठारी यांची कल्पना 1999 मध्ये गुजरातच्या दूरदर्शनवर आली. गाणं तोंडपाठ असतं, म्हणून नजर पुढच्या शब्दाचं रूप शोधत जाते. ज्याला अक्षरं ओळखता येतात पण वाचताना अडखळायला होतं, त्याला हा सराव फार उपयोगी. ज्याची अक्षरओळखच कच्ची आहे, त्याच्यापुढे त्या ओळी नुसत्या सरकत राहतात.

बोट लावलं की उडी मारणारा बेडूक

2015 मध्ये ताकाच, स्वार्ट आणि बस या संशोधकांनी स्क्रीनवरच्या गोष्टींच्या पुस्तकांवर झालेल्या 43 अभ्यासांमधल्या 2147 मुलांची माहिती एकत्र तपासली. गोष्टीला धरून हलणारी चित्रं, संगीत यांची मदत झाली होती. मध्येच येणारे खेळ आणि दाबायची चित्रं यांनी मात्र मुलांचं लक्ष विचलित केलं होतं. ॲप निवडताना मी आधी हेच बघतो: हे सगळं बंद करता येतं का? येत नसेल तर ते ॲप माझ्या वर्गात येत नाही.

रोमन अक्षरांतून मराठी टाइप करायला लावणं

ही माझ्या दृष्टीने दुसरी मोठी चूक, आणि ती निव्वळ घाईपोटी होते. मूल इंग्रजी अक्षरं दाबतं, वर तीन शब्द सुचवलेले दिसतात, ते पहिल्यावर बोट ठेवतं. ‘पाणी’ की ‘पानी’, ‘दिन’ की ‘दीन’, हे यंत्राने ठरवलं. शुद्धलेखन शिकवायची संधी तिथेच गेली.

थोडा धीर धरा आणि इनस्क्रिप्ट कळफलक, म्हणजे थेट देवनागरी अक्षरं दाबायचा कळफलक, शिकवा. त्यात स्वर डावीकडे, व्यंजनं उजवीकडे. ‘पुस्तक’मधला ‘स्त’ हवा असेल तर आधी स, मग पाय मोडायचं चिन्ह, मग त. जोडाक्षर कशाचं बनलंय ते बोटांना कळतं. एकदा ‘किती’ टाइप करताना एका मुलीने विचारलं, “पहिली वेलांटी क च्या आधी दिसते, मग नंतर का दाबायची?” मी तिला तो शब्द सावकाश म्हणायला लावला. क् आधी ऐकू आला, इ नंतर. ऱ्हस्व-दीर्घावरचे माझे कितीतरी तास त्या एका प्रश्नापुढे फिके पडले. शब्द सुचवण्याची सोय मात्र आठवणीने बंद करा, नाहीतर इथेही तेच होईल.

बाकीच्या चुका, थोडक्यात

जुन्या फॉन्टमधल्या फायली दुसऱ्या यंत्रावर उघडल्या की भलतीच अक्षरं दिसतात. सगळं युनिकोडमध्येच करा, म्हणजे कुठल्याही यंत्रावर तीच अक्षरं दिसतील.

स्क्रीनवरचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे असतील तर पुस्तकातली अक्षरं बघून शिकलेलं मूल गोंधळतं. फॉन्ट बदला.

लांब, माहितीपर उतारे कागदावर द्या. 2018 मध्ये देल्गादो आणि सहकाऱ्यांनी 54 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा अशा मजकुराचं आकलन कागदावर सरस निघालं आणि वेळेचं बंधन असताना हा फरक वाढला.

ॲपमधले तारे मोजून प्रगतिपुस्तक भरू नका. मूल जवळ बसवा आणि अनोळखी पान वाचायला द्या.

तास सुरू झाल्यावर डाउनलोड करायला बसू नका. मी आदल्या दिवशी इंटरनेट बंद करून अख्खा पाठ एकदा चालवून बघतो.