एकाच वयाच्या दोन कालवडी, एक वाढते एक नाही: रक्ताचा रिपोर्ट कसा वाचायचा

नमस्कार मंडळी, निफाडकडं आमचा छोटा गोठा आहे, एचएफ क्रॉस (होल्स्टीन फ्रिजियनच्या संकराच्या) गायी आणि त्यांच्या कालवडी. एकाच महिन्यात जन्मलेल्या, एकच खुराक खाणाऱ्या दोन कालवडी आणि वर्षभरात एक अंगानं भरली, दुसरी तशीच बारकी, हे बऱ्याच गोठ्यांत दिसतं आणि मग कुणी म्हणतं जंत असतील, कुणी म्हणतं जातच तशी. अशा वेळी रक्त तपासलं तर खूप कळतं, पण रिपोर्ट नीट वाचता आला पाहिजे म्हणून हे लिहितोय.

आधी एक गोष्ट, रक्ताच्या आधी टेप. छातीचा घेर पुढच्या पायांच्या लगेच मागून इंचात घ्या, लांबी खांद्याच्या टोकापासून माकडहाडापर्यंत, मग घेर गुणिले घेर गुणिले लांबी भागिले ६६०, आलं किलोत वजन. आमच्या चांगल्या कालवडीचा घेर ५४ आणि लांबी ४६ होती म्हणजे २०३ किलो, महिन्यानं ५५ आणि ४७ भरली म्हणजे साधारण २१५, रोजचे ४०० ग्रॅम. दुसरी १६७ वरून १७२ वर, रोजचे १७० ग्रॅमच. फक्त घेरात अर्धा इंच इकडंतिकडं झाला तरी ३-४ किलोचा फरक पडतो, त्यामुळं सकाळी चाऱ्याआधी, जनावर सरळ उभं असताना तीनदा मोजा आणि सरासरी धरा. आणि तुलना सारख्यांशीच करा हो, इगतपुरी-घोटीकडची डांगी मुळात उशिरा वयात येणारी जात, तिला एचएफ क्रॉसच्या शेजारी उभी करून मागं पडली म्हणू नका.

आता रक्त. डॉक्टरांनाच काढू द्या, मानेच्या नाहीतर शेपटीच्या शिरेतून, आणि दोन्ही कालवडींचं एकाच सकाळी चारा टाकायच्या आधी, कारण खाल्ल्यानंतर काही तास युरिया वर जातो. लाल झाकणाची ट्यूब युरिया, प्रोटीन, क्रिएटिनिनसाठी, जांभळी हिमोग्लोबिनसाठी, राखाडी ग्लुकोजसाठी. राखाडी का तर साध्या ट्यूबमध्ये रक्तपेशी स्वतःच साखर खात बसतात आणि दुपारपर्यंत आकडा खोटा कमी येतो. ट्यूब हलवत झटकत नेऊ नका, थेट बर्फालाही टेकवू नका, पेशी फुटल्या की सिरम लालसर होतं आणि रिपोर्टवर भरवसा राहत नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं गाडीच्या डिक्कीत काय ऊन तापतं माहितीये, थर्मासचा डबा घ्याच.

रिपोर्ट माणसांच्या लॅबचा असेल तर शेजारी छापलेली नॉर्मल रेंज बघूच नका, ती माणसाची आहे. गायीचं ग्लुकोज साधारण ४५ ते ७५ असतं, ५५ आलं की लॅबवाला खाली बाण काढून देतो आणि आपण उगाच घाबरतो. दुसरी गफलत युरियात होते, काही ठिकाणी युरिया लिहितात काही ठिकाणी बीयूएन, म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन, बीयूएनला २.१४ नं गुणलं की युरिया. म्हणजे युरिया ३० आला तर बीयूएन १४ झाला, आणि १० ते २० मध्ये बीयूएन असला तर काळजी नाही.

हा युरियाच वाढीच्या बाबतीत सगळ्यात बोलका. चाऱ्यातलं प्रोटीन पोटात फुटून अमोनिया होतो, पोटातल्या जंतूंना तेवढ्यात पिष्ट मिळालं तर ते त्याचं स्वतःचं प्रोटीन बनवतात, नाही मिळालं तर अमोनिया रक्तात जातो, लिव्हर त्याचा युरिया करतं आणि तो मुतावाटे निघून जातो, म्हणजे पेंडीचे पैसे गेले. म्हणून लसूणघास आणि सरकी पेंड भरपूर, मका भरडा नाही, असा गोठा असेल तर युरिया वर दिसतो आणि जनावर वाढत नाही. युरिया फार खाली असेल तर उलट, प्रोटीनच कमी पडतंय, नुसत्या कडब्यावर ठेवलेल्यांत हेच होतं. पण पाणी कमी पडलं तरी युरिया वर जातो, किंवा उपाशी जनावर स्वतःचे स्नायू मोडून खातं तेव्हाही, म्हणून आकडा गव्हाणीशेजारी उभं राहून वाचायचा. परदेशात मांसासाठी पाळलेल्या जनावरांवर यावर खूप काम झालंय, कमी खाऊन जास्त वाढणाऱ्यांत युरिया कमी असल्याचं पुष्कळदा दिसलंय, दरवेळी नाही. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं त्यामुळं भरलेल्या जनावरात ते थोडं जास्त असणं साहजिक, लगेच किडनी खराब समजू नका. एकूण प्रोटीन ठीक पण त्यातलेच दोन प्रकार, अल्ब्युमिन कमी आणि ग्लोब्युलिन जास्त असेल तर आत कुठंतरी जुनं इन्फेक्शन चालू असावं, डॉक्टरांना दाखवा.

आता आमचं काय झालं सांगतो. दोघींचं ग्लुकोज, युरिया, प्रोटीन जवळपास सारखं आलं, मी दोन दिवस युरियाचे आकडेच जुळवत बसलो आणि हिमोग्लोबिनचा कागद खाली राहिला. चांगलीचं १०.८ होतं, बारकीचं ६.४, आणि गायीत ८ च्या खाली म्हणजे रक्त कमी. मग डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली तर आतून पांढरीफटक, कागदासारखी, रोज बघत होतो जनावराला पण पापणी कधी ओढली नव्हती. डॉक्टरांनी आधी गोचीडताप तपासला, शेण तपासलं, दोन्हीत काही नाही. मग त्यांनी विचारलं चाऱ्यात कांदा जातो का.

जात होता. कांदाचाळीतला (साठवणीतला) सडका, मोड आलेला कांदा गव्हाणीच्या शेवटच्या टोकाला ओतायचो आणि त्याच टोकाला ही बारकी बांधलेली, म्हणजे खुराक सारखा पण कांदा बहुतेक तिच्याच वाट्याला. कांद्यातले गंधकाचे घटक लाल पेशी फोडतात, शेळी-मेंढीपेक्षा गाय याला जास्त नाजूक. जास्त झालं तर मूत काळपट लाल होतं, आमच्याकडं तसं काही दिसलं नाही, हळूहळूच चाललं होतं. पाणी वगळून धरलेल्या एकूण खाद्याच्या कोरड्या वजनात पाव हिश्शापेक्षा कमी कांदा मोठ्या जनावराला चालतो असं सांगतात, पण वाढत्या कालवडींना मी आता अजिबात देत नाही, लासलगावला भाव पडल्यावर चाळी रिकाम्या करताना तुम्हीही ढीग गोठ्यापासून लांब टाका.

कांदा बंद केला, बाकी खुराक तोच ठेवला. सहा आठवड्यांनी हिमोग्लोबिन ९.१ आलं आणि पुढच्या महिन्यात टेपवर ती पहिल्यांदा ११ किलोनं वाढली. तुमच्याकडं अशी जोडी असेल तर दोघींचे आकडे, वय आणि रोजचा चारा किती किलो ते लिहा, बघू आपण काय दिसतं ते.