लॅटिन अमेरिकेतल्या डाव्या चळवळींवर डेझर्टेशन करताय? आधी ‘सिंदिकातो’ समजून घ्या

टॉपिक घ्या, मस्त आहे. फक्त व्हेनेझुएलात चावेझ १९९८, ब्राझीलमध्ये लुला २००२, बोलिवियात मोरालेस २००५ ही डाव्यांनी जिंकलेल्या निवडणुकांची यादी म्हणजेच चळवळींचा इतिहास असं धरून बसू नका. मी बसले, आठ महिने गेले.

त्यातही घात केला एका शब्दाने. बोलिवियात चापारे भागात कोकाची पानं पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचे ‘सिंदिकातो’ आहेत. डिक्शनरी म्हणते युनियन. आता मी लालबागची, युनियन म्हटलं की मालक, संप, बोनस. अख्खा चॅप्टर मालक शोधत बसले आणि मालक तिथे नाहीच ना! सिंदिकातो म्हणजे जवळपास गावकी. जमिनीचा तुकडा कुणाला, बांधाचं भांडण कसं मिटवायचं, रस्त्याच्या कामाला कोण येणार, मीटिंगला दांडी मारली तर दंड, सगळं तोच ठरवतो. हे नाव रुजलं १९५२ च्या क्रांतीनंतर, जमीन सुधारणेच्या काळात. पुढे १९८५ मध्ये कथलाचे भाव कोसळले, सरकारी खाणींतल्या २० हजारांहून जास्त कामगारांच्या नोकऱ्या गेल्या, त्यातले बरेच चापारेला नाहीतर ला पाझ शहराच्या डोक्यावरच्या एल आल्तोला गेले आणि जाताना खाणीतली संघटनेची सवय घेऊन गेले. चळवळ पसरली ती अशी, बिऱ्हाडासोबत.

हे कळलं की बाकीचं आपोआप लागतं. २००० मध्ये बोलिवियातल्याच कोचाबांबा शहरात पाणी खासगी कंपनीकडे गेलं, बिलं अव्वाच्या सव्वा आली, तेव्हा शहरवाल्यांसोबत कोकावालेही रस्त्यावर, करार रद्द. २००३ मध्ये गॅसच्या निर्यातीवरून एल आल्तोत आंदोलन पेटलं, राष्ट्राध्यक्ष देश सोडून पळाले. मोरालेस या कोकावाल्यांचेच नेते, पहिल्याच फेरीत निम्म्याहून जास्त मतं उगाच नाही मिळाली.

स्पॅनिश शिकाच. नुसते इंग्रजी पेपर वाचून ‘गुलाबी लाट’ (म्हणजे एकामागून एक देशात डावी सरकारं आली ती) लिहिता येते, मार्कही मिळतात, पण मग मजा काय? घाबरू नका, उच्चार आपल्या जिभेला सोपे जातात. आणि गाइड नावाजलेला नसला तरी चालेल, चॅप्टर उघडून वाचणारा बघा. माझ्या त्या चॅप्टरवर ‘छान’ असा शेरा होता, चूक पकडली ती व्हायवाला बाहेरून आलेल्या मॅडमनी.

दुरुस्तीला आठवडा मिळाला. मी फाइंड-रिप्लेस मारून सगळ्या ‘युनियन’चं ‘सिंदिकातो’ केलं, बाइंडिंग करून आणलं, आणि बसमध्ये सहज उघडलं तर पान ३१ वर ‘सोव्हिएत सिंदिकातो’.