आफ्रिकन सिक्लिड : इंदूरच्या टाकीत कोणासोबत कोण टिकतं

आफ्रिकन सिक्लिड म्हणजे आफ्रिकेतल्या मोठ्या सरोवरांचे रंगीत, भांडखोर मासे. दुकानात ‘मिक्स आफ्रिकन’ म्हणून त्यांची जी पिशवी मिळते तिच्यात दीड-दोन इंचांची दहा-बारा पिल्लं असतात. पिवळी, निळी, केशरी, पट्ट्यांची. पहिले काही महिने घरात गोकुळ नांदतं. मग नर वयात येतात, एखादा मासा हीटरमागे लपून उभा राहायला लागतो, त्याचं शेपूट कुरतडलेलं दिसतं आणि आठवड्याभरात तो जातो. लोक पाणी बदलतात, औषधं घालतात. भांडणाचं बी मात्र त्या पिशवीतच असतं. ज्याच्या जातीचं नाव दुकानदाराला सांगता येत नाही तो मासा घेऊ नये, कितीही स्वस्त असला तरी.

आधी सरोवर ठरवा. मलावी, टांगानिका आणि व्हिक्टोरिया या तीन सरोवरांचे मासे एकाच नावाखाली विकले जातात, पण त्यांची खिचडी करू नका. टांगानिकाचे शंखात राहणारे ‘मल्टी’ जेमतेम दीड-दोन इंचांचे. मलावीच्या दांडगटांपुढे त्यांचा निभाव लागत नाही. पहिलीच टाकी असेल तर मलावी घ्या. पुढचं सगळं मलावीबद्दलच आहे.

मलावीतही दोन तऱ्हा आहेत. म्बुना खडकांवरचं शेवाळ खरवडून जगतात. पीकॉक आणि हॅप वाळूवर किंवा मोकळ्या पाण्यात किडे, छोटे मासे खातात. म्बुनाचं आतडं लांब असतं. त्याला ब्लडवर्म, ट्यूबिफेक्स असं मांसाहारी खाणं रोज मिळालं की पोट फुगतं, विष्ठा पांढरी आणि दोऱ्यासारखी होते. हाच मलावी ब्लोट. उलट फक्त स्पायरुलिनावर (शेवाळाच्या खाद्यावर) पीकॉक नीट भरत नाही. एका टाकीत दोन स्वयंपाक जमत नाहीत, शिवाय म्बुनांच्या दांडगाईत पीकॉकचा रंगच खुलत नाही. दोन्हीकडे चालतो तो एकच सोयीचा मासा : इलेक्ट्रिक यलो, म्हणजे लॅबिडोक्रोमिस सिरुलियस. म्बुना असूनही तो स्वभावाने सौम्य आहे आणि किडेही खातो.

पाण्याच्या बाबतीत इंदूरकर नशीबवान. पीएच ७.८ ते ८.५ आणि जड पाणी या माशांना हवं असतं, आणि माळव्यातलं बोरिंगचं पाणी बहुधा जडच असतं. नर्मदेच्या नळाचं पाणी तपासूनच घ्या. टीडीएसच्या (विरघळलेले एकूण क्षार मोजणाऱ्या) पेनावर विसंबू नका, त्यातून केएच, म्हणजे पीएच टिकवून धरणारा कार्बोनेटचा जडपणा, कळत नाही. पीएच, जीएच (एकूण जडपणा) आणि केएचची थेंबांची किट आणा. बोरिंगचं पाणी ताजं मोजलं तर विरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच कमी दिसतो, म्हणून बादलीत रात्रभर एअर पंप लावून सकाळी मोजा. केएच ६ च्या वर असेल तर काही घालायची गरज नाही. कमी असेल तर २० लिटर पाण्याला एक चहाचा चमचा खाण्याचा सोडा पुरे, तोही हळूहळू, दोन-तीन पाणीबदलांत विभागून. घरच्या आरओचं पाणी या टाकीला अजिबात नको. नळ दिवसाआड येत असेल तर ड्रम भरून ठेवा, आणि क्लोरीनसाठी अँटीक्लोर घातल्याशिवाय नळाचं पाणी टाकीत ओतू नका.

आता मुख्य प्रश्न, म्बुनांमध्ये कोणासोबत कोण. नर सगळ्यात जास्त त्यालाच मारतो जो त्याच्यासारखा दिसतो : तोच रंग, तेच पट्टे, तीच ठेवण. त्यामुळे पिल्लांचे रंग बघून निवड करायची नाही, मोठ्या नराचा रंग बघून करायची. केनयीचंच बघा. पिल्लू फिकट निळं, त्यावर गडद उभे पट्टे, दुकानात सगळ्यात देखणं. पिवळ्या यलोशेजारी निळा शोभेल म्हणून लोक तो घेतात. वयात आल्यावर केनयीची मादी निळीच राहते आणि नर पिवळा होतो. एके दिवशी टाकीत पाच गरीब यलो आणि त्यांच्याच रंगाचा एक गुंड, अशी स्थिती. ऑरॅटसचं उलटं : पिल्लं आणि माद्या पिवळ्या, काळ्या आडव्या पट्ट्यांच्या, नर काळपट, आणि चार फुटी टाकी एकट्याची समजणारा. केनयी, ऑरॅटस आणि चिपोके हे तिघे नवख्याने घेऊच नयेत. डेमासोनी दिसायला छोटा, पण आपल्याच जातीवर तुटून पडणारा. तो एक तरी ठेवा नाहीतर बारा-पंधरा. चार डेमासोनींचा महिन्याभरात एक होतो.

चार फुटी टाकीसाठी, म्हणजे ४ x १.५ x १.५ फूट, साधारण २५० लिटर, भरवशाची रचना अशी : इलेक्ट्रिक यलो, रस्टी आणि सोकोलोफी, प्रत्येकी एक नर आणि चार माद्या. पिवळा, जांभळट तपकिरी, फिकट निळा. कुणी कुणासारखा दिसत नाही. पिल्लं घेताना प्रत्येकाची सात-आठ घ्या, कारण त्या वयात नर-मादी ओळखू येत नाही (गुदपंखावरचे पिवळे ठिपके माद्यांनाही असतात, त्यावर जाऊ नका). मोठे झाल्यावर जादा नर काढा. ते परत घेणारा दुकानदार आधीच गाठून ठेवा. यलोसोबत रेड झेब्रा ठेवण्याची फॅशन आहे; दोघांचा संकर सहज होतो आणि मग ना धड यलो ना धड झेब्रा अशी पिल्लं फिरतात.

पीकॉक ठेवायचे असतील तर गणित वेगळं. निरनिराळ्या जातींच्या माद्या सगळ्या एकसारख्या मातकट, ओळखूच येत नाहीत, म्हणून संकर ठरलेला. सोपा मार्ग म्हणजे फक्त नरांची टाकी : दहा-बारा नर, प्रत्येक जातीचा एकच, आणि मादी एकही नाही. एक मादी आली की सगळा शिस्तीचा खेळ संपतो.

तळाला सिनोडोंटिस, म्हणजे आफ्रिकन कॅटफिश, घ्या, तीन-चार. इथे सरोवराचा नियम थोडा सैल करायला हरकत नाही : सिनोडोंटिस मल्टिपंक्टेटस टांगानिकाचा असला तरी म्बुनांची दादागिरी तो मनावर घेत नाही. हा मासा कोकिळेसारखा आपली अंडी सिक्लिडच्या अंड्यांत मिसळतो. सिक्लिड मादी ती तोंडात घेऊन उबवते आणि कॅटफिशची पिल्लं आतच तिची अंडी खातात. साधा सकर मासा नको, तो फूटभर वाढतो आणि घाण करतो, ब्रिसलनोज चालतो. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, एंजल, डिस्कस, गोल्डफिश, टेट्रा यातलं काहीही या टाकीत नको.

म्बुनांची टाकी मुद्दाम दाट भरतात, म्हणजे नराचा राग एकावरच न निघता वाटला जातो. पण दाट टाकीला ताशी १५०० ते २००० लिटरचा फिल्टर आणि दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणीबदल लागतोच. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो आणि पीएच ७ पेक्षा ८ ला तोच अमोनिया जवळजवळ दहापट विषारी ठरतो, म्हणून टाकी सायकल व्हायला, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढायला, चार-सहा आठवडे द्या, घाई करू नका. दगडांसाठी माळव्याचा काळा दगड उत्तम, स्वस्त, पाण्यात काही सोडत नाही. आधी तळाच्या काचेवर पातळ थर्माकोल, त्यावर दगड, मग वाळू. वाळूवर दगड रचले की मासे खालून उकरतात, ढीग सरकतो आणि काच तडकते. गुहा माशांच्या संख्येपेक्षा जास्त हव्यात, आणि प्रत्येकीला दोन तोंडं.

सोडताना क्रम पाळा : आधी यलो आणि रस्टी, दोन-तीन आठवड्यांनी सोकोलोफी. नवा मासा घालायच्या दिवशी दगडांची मांडणी बदला आणि रात्रभर लाइट बंद ठेवा. जुन्यांच्या हद्दी मोडल्या की नव्याला जागा मिळते. एकच नवा मासा कधी घालू नका, तीन-चार एकदम घाला. मारामारी झालीच तर मार खाणाऱ्याला काढून उपयोग नाही, दुसऱ्या दिवशी नंबर पुढच्याचा लागतो. गुंडालाच जाळीच्या पार्टिशनमागे आठवडाभर ठेवा. परत सोडल्यावर तो सहसा खालच्या पायरीवरून सुरुवात करतो. तरी सुधारला नाही तर दुकानात परत.

मे महिन्यात मात्र वेगळंच संकट. खोलीच ३८ अंशांवर गेली की पाणी ३२ ला पोचतं, ऑक्सिजन उतरतो आणि मासे चिडचिडे होतात. झाकण उघडं ठेवून पाण्यावर छोटा पंखा सोडा, एक एअरस्टोन वाढवा, खाणं निम्मं करा. टाकीवर जाळी टाकायला विसरू नका, पाठलागात मासे बाहेर उडतात. वीज गेली तर बॅटरीवर चालणारा एअर पंप हाताशी असू द्या. दाट भरलेल्या टाकीत उन्हाळ्याच्या दुपारी तासाभरातच मासे वर येऊन तोंड उघडायला लागतात.