फिटनेस घड्याळ घेताना तीन वर्षांचा हिशेब मांडा

फिटनेस घड्याळ घेण्याआधी दुकानदाराला पहिलं हे विचारा: पुढे दर महिन्याला काही भरावं लागेल का? हूप कंपनीचा मनगटावर बांधायचा फिटनेस-पट्टा वर्गणीशिवाय जवळजवळ निरुपयोगी आहे. फिटबिटचं घड्याळ वर्गणीविना चालतं, पण काही सुविधा प्रीमियम वर्गणी भरणाऱ्यांनाच मिळतात. गार्मिनच्या घड्याळांवर नेहमीची माहिती फुकट दिसते; २०२५मध्ये आलेली कनेक्ट प्लस वर्गणी ऐच्छिक आहे. ‘सहा महिने मोफत’ वाचलंत, की सातव्या महिन्याचा आकडा शोधा आणि तीन वर्षांचा हिशेब कागदावर मांडा.

मग घड्याळ उलटं करून बघा. साध्या पिनेचा २० किंवा २२ मिलिमीटरचा पट्टा असेल, तर तो घड्याळाच्या कुठल्याही दुकानात मिळतो. माझ्या आधीच्या घड्याळात पट्टा बसवायची खाच कंपनीची खास होती. घामाने पट्टा पिनेजवळ चिरला, तसा दुसरा कुठेच मिळेना, आणि चांगलं चालतं घड्याळ खणात पडलं. फार हळहळ वाटली.

चार्जरचंही तसंच. एका मॉडेलचा दुसऱ्याला लागेलच असं नाही, म्हणून तो सुटा केवढ्याला मिळतो ते आधीच विचारा. बॅटरी बहुधा आत सीलबंद असते. वॉरंटी संपल्यावर ती बदलून देतात का, हेही विचाराच.